हसली की हात तोंडावर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो पाहत बसले होते. आमच्याकडे यंदा पंचवीस-तीस जणी आल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि मग नेहमीप्रमाणे सगळ्यांचा एकत्र फोटो. फोटोत सगळ्या अगदी मोकळेपणी हसताहेत. एकटी आमची चिमी सोडून. एका फोटोत तिच्या तोंडावर ओढणी, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात ती नेमकी मान वळवून कुणाशी तरी बोलतेय.

चिमी म्हणजे माझ्या धाकट्या जावेची मुलगी. वय बावीस, बी.ए. झालेली, आता बी.एड. करतेय. मला मोठ्याई म्हणते. दिराचं घर खेड्यावर, आम्ही तालुक्याच्या गावाला, पांढरकवड्यात. शिकायला म्हणून ती माझ्याकडेच असते. इतकी वर्षं घरात वावरणारी मुलगी, पण हे माझ्या कधी नीट लक्षातच आलं नव्हतं. मग मी जुने अल्बम काढून बसले. दहावीच्या निरोपसमारंभाचा फोटो, ओठ घट्ट मिटलेले. कॉलेजच्या सहलीचा, त्यात हनुवटीपर्यंत रुमाल. शेवटी नणंदेच्या लग्नातला एक फोटो सापडला. सात वर्षांची चिमी, पुढचे दोन दुधाचे दात पडलेले, बोखं तोंड उघडून खळखळून हसतेय. तो तिचा उघड्या तोंडाने हसतानाचा शेवटचा फोटो. त्यानंतर नवे दात आले आणि हसू गेलं.

नवे दात आले तेच खडूसारखे पांढुरके, त्यावर पिवळे-तपकिरी पट्टे. समोरच्या दोन दातांवर तर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, ‘हसतील त्याचे दात दिसतील, आपण आपलं काम करावं.’ पण ही म्हण दुसऱ्यांनी आपल्याला हसण्याबद्दलची आहे. चिमीचं दुखणं उलटं. ती हसली की तिचेच दात दिसायचे.

हे सगळं वर आलं ते स्थळांमुळे. गेल्या वर्षी एक स्थळ पाहून गेलं. मुलगी पसंत, शिक्षण पसंत, घर पसंत. चार दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, ‘मुलगी खर्रा खाते का, ते आधी विचारून घ्या म्हणतात.’ मैत्रिणींनो, आमच्या विदर्भात खर्रा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ज्या पोरीने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही, तिच्याबद्दल हा प्रश्न! चिमी त्या दिवशी जेवली नाही. आणि माझी जाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने माझ्या दारात हजर. हातात मोबाइल. त्यात एका नटीचे आधीचे दात आणि नंतरचे दात. म्हणाली, ‘ताई, हे व्हिनियर का काय म्हणतात ते लावून घेऊ. पुढच्या पाहुण्यांच्या आधी. तुम्ही फक्त संग चला.’

तर तिथून माझी या विषयातली शाळा सुरू झाली. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली बाई. दातांचं माझं ज्ञान कुंदकळ्या आणि डाळिंबाच्या दाण्यांपाशी संपतं. पण बचत गटाच्या आणि आरोग्य शिबिरांच्या कामात एक सवय लागलीय, समजल्याशिवाय सही करायची नाही. म्हणून विचारत गेले, आणि जे कळलं ते तुम्हाला सांगते.

आमच्या यांनी व्हिनियर शब्द ऐकला आणि म्हणाले, ‘म्हणजे प्लायवूडवर लावतात ते?’ मी हसण्यावारी नेलं, पण खरंच शब्द तोच आहे. साध्या प्लायवर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवला की कपाट सागवानी दिसतं ना, तसंच. दाताच्या फक्त पुढच्या, दिसणाऱ्या बाजूवर चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा, म्हणजे पोर्सेलिनचा, एक पातळ पापुद्रा चिकटवतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आपल्या नखाएवढाच म्हणा. दात आपलाच राहतो, मुळं आपलीच, फक्त दर्शनी भिंतीला नवा गिलावा.

ही कल्पना आली सिनेमातून. हॉलिवूडला चार्ल्स पिंकस नावाचे एक दंतवैद्य होते. १९३०च्या आसपास नटनट्यांच्या दातांवर ते शूटिंगपुरते पातळ पापुद्रे चिकटवून द्यायचे. छोट्या शर्ली टेम्पलचे दुधाचे दात पडले तेव्हा पडद्यावर ती बोखी दिसू नये म्हणून तिलाही त्यांनी असेच दात करून दिले होते. दिवसाचं काम संपलं की काढून ठेवायचे. कारण ते पक्के बसवायचे कसे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिलं, की दाताच्या कवचावर सौम्य आम्ल लावलं की ते सूक्ष्म खरखरीत होतं आणि त्यावर राळेसारखे पदार्थ घट्ट धरतात. आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सेलिनही तसंच खरखरीत करून दाताला कायमचं चिकटवता येऊ लागलं. आज जे लावतात ते हेच.

कायमचं. हा शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्यावर येणार आहे.

जावेने जाहिरातीत पाहून एका दवाखान्याची वेळ घेऊनच ठेवली होती. आम्ही तिघी गेलो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. काचेचं दार, एसी, भिंतीवर नट्यांचे हसरे चेहरे. आत गेल्यावर डॉक्टरांच्या आधी एका मुलीनेच आम्हाला कागद दाखवला, वरचे आठ, खालचे आठ, सोळा दातांचं पॅकेज. ‘आज बुकिंग केलं तर सूट. दोन दिवसांत होऊन जाईल.’ डॉक्टर आले, चिमीला ‘आ’ करायला लावलं, अर्धं मिनिट पाहिलं आणि म्हणाले, ‘सगळं कव्हर करून टाकू.’ एक्स-रे नाही, हिरड्या तपासल्या नाहीत, हे डाग कशामुळे पडले हे विचारलं नाही. वरच्या सहा दातांचा भाव विचारला तर दाताला बारा हजार. बाहत्तर हजार रुपये! जाऊ मनातल्या मनात हिशोब करत होती ते मला दिसत होतं. दहाएक क्विंटल कापूस. तिच्या घरचा चार एकरांचा हंगाम म्हणजे काय ते मला माहीत आहे. तरी ती म्हणाली, ‘करू, ताई. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.’

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. आणि दोघींना घेऊन सरळ बाहेर पडले. जाऊ रस्ताभर बोलली नाही.

मला तिथे थांबवेना, त्याला कारण होतं. आमच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. त्यांच्या समोरच्या दातांत थोडी फट होती, एवढंच. मोठ्या शहरात जाऊन त्यांनी ‘व्हिनियर’ बसवून घेतले. प्रत्यक्षात काय केलं होतं? सहा चांगले, धडधाकट दात चारही बाजूंनी पेन्सिलीच्या टोकासारखे घासून त्यावर टोप्या बसवल्या होत्या. आपण ज्याला कॅप म्हणतो, त्या. त्यानंतर ताईंना थंड पाणी पिववेना, आणि वर्षाच्या आत एका दाताचं रूट कॅनाल करावं लागलं. व्हिनियर आणि कॅप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, बायांनो. व्हिनियरला दाताची फक्त पुढची बाजू अगदी थोडी, मिलिमीटरच्या काही अंशांनी घासतात. कॅपला पूर्ण दात गोलाकार घासून बारीक करतात. किडलेल्या, तुटलेल्या, रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅप हवीच, ती त्याचं रक्षण करते. पण धडधाकट दाताला केवळ दिसण्यासाठी कॅप म्हणजे चांगल्या घराच्या भिंती पाडून रंग लावण्यासारखं.

शेवटी मी शिबिरांमुळे ओळखीच्या झालेल्या एका डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी नागपूरला बोलावलं. पहाटेची एसटी, डब्यात पोळी आणि पिठलं, आणि गाल फुगवून खिडकीबाहेर पाहणारी जाऊ, अशा थाटात आम्ही निघालो.

या बाईंनी खुर्चीवर बसवण्याआधी चिमीला समोर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘लहानपणी पाणी कुठलं प्यायचीस?’

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहू लागलो. दातांचा आणि पाण्याचा काय संबंध?

‘बोअरचं,’ जाऊ म्हणाली. ‘घरासमोर हातपंप आहे. चिमीच्या जन्माच्या आधीच खणला. लय गोड पाणी आहे.’

‘गावात आणखी कुणाचे दात असे आहेत?’

जाऊ गप्प झाली. मग बोटं मोजू लागली. आमच्या लाईनीतली शेजारची दोघं भावंडं, समोरची एक, पाटलाची धाकटी... मोजता मोजता तिचा चेहरा बदलला. इतकी वर्षं ते दात डोळ्यांसमोर होते आणि कुणी मोजले नव्हते.

याला म्हणतात दातांचा फ्लोरोसिस. जमिनीतल्या काही खडकांमधून पाण्यात फ्लोराइड उतरतं. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत खोल बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड, असं आपलं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त असलेलं पाणी लहान मूल रोज प्यालं, तर हिरडीच्या आत जे पक्के दात तयार होत असतात त्यांचं कवच नीट घट्ट होत नाही. हे सगळं साधारण आठ वर्षांच्या आत घडतं. वरच्या समोरच्या दातांसाठी तर पहिली तीन-चार वर्षंच महत्त्वाची. म्हणजे दात हिरडीतून डोकावतो तेव्हाच त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. कळणार कसं?

डॉक्टरीणबाई चिमीला म्हणाल्या, ‘यात तुझी काहीही चूक नाही. तू कितीही घासले असतेस तरी हे डाग गेले नसते.’

आणि चिमी रडायला लागली. हुंदके देऊन रडली. मग एकेक बाहेर आलं. लहानपणापासून तिला सगळ्यांनी सांगितलेलं, नीट घासत नाहीस, आळशी आहेस. तिने मिठाने घासले, राखोंडीने घासले, मोबाइलवर पाहून कोळशाच्या पावडरने घासले, लिंबू आणि खाण्याचा सोडा लावला. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायची, आम्ही उठायच्या आधी, न्हाणीघरात. माझ्या घरात राहून! जाऊ पदर तोंडाला लावून बसली होती. ‘मीच म्हणायची हो तिला, काऊन अशी घाणेरडी ऱ्हायतं म्हणून,’ एवढंच म्हणाली. एरवी मी शिबिरांत स्वच्छतेवर भाषणं ठोकते. त्या दिवशी मला बोलायला तोंड नव्हतं.

लिंबाबद्दल आणि कोळशाबद्दल एक सांगून ठेवते, कारण हे उपाय आपल्या सगळ्यांच्या घरी होतात. लिंबातल्या आम्लाने कवच विरघळतं आणि कोळशाच्या भुकटीने ते खरवडलं जातं. दाताचं कवच ही शरीरातली सर्वांत कठीण वस्तू, पण एकदा गेली की परत येत नाही. नख वाढतं, केस वाढतात, हाडही सांधतं, कवच नाही.

मग तपासणी झाली. एक्स-रे निघाला, हिरड्या पाहिल्या, चावताना दात कसे टेकतात ते पाहिलं. आणि बाईंनी कागदावर चित्र काढून जे समजावलं, त्याने जाऊचा गालफुगा उतरला.

त्या म्हणाल्या, डाग घालवायच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत आणि नेहमी सगळ्यांत कमी दात घासावा लागेल तिथून सुरुवात करायची. पहिली पायरी म्हणजे साधी सफाई. डाग वरवरचे असतील, चहाचे, मिश्रीचे, खर्ऱ्याचे, तर तेवढ्यावरच काम भागतं. (मिश्री लावणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे वाचावं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात स्वच्छ करण्याचं काम ती करत नाही, हिरड्यांचं वाटोळं करते आणि तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण देते.) डाग कवचातले असतील तर सौम्य आम्ल आणि बारीक भुकटीने वरचा अगदी पातळ थर डॉक्टर घासून काढतात. हिरडीला लागू नये म्हणून दातांभोवती रबराचा पडदा लावतात. हे ऐकून जाऊ म्हणाली, ‘म्हणजे लिंबूच की!’ तर बाई हसून म्हणाल्या, ‘औषध आणि विष यांत मापाचाच फरक असतो.’ त्यानंतर ब्लीचिंग, म्हणजे दाताच्या मापाचा प्लॅस्टिकचा साचा करून त्यात जेल घालून रात्री लावायचं, दोनेक आठवडे. त्या दिवसांत दात थोडे सळसळतात, मग थांबतं. गरोदरपणात मात्र हे करत नाहीत.

त्यानेही भागलं नाही तर व्हिनियर, आणि त्याच्याही दोन जाती. एक कॉम्पोझिटचा. दातात सिमेंट भरतात ना, त्याच जातीचा दातरंगी पदार्थ डॉक्टर तिथल्या तिथे दातावर थर देऊन बसवतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. एका बैठकीत काम होतं, दात फारसा घासावा लागत नाही, कधी कधी अजिबात नाही, आणि खर्च बराच कमी. पण पाचसात वर्षांत रंग उतरतो, कडेचा टवका उडतो, दुरुस्ती करावी लागते. दुसरा पोर्सेलिनचा. त्याला आधी दात घासायचा, माप घ्यायचं, ते प्रयोगशाळेत पाठवायचं, तोवर तात्पुरतं कवच लावून आठ-पंधरा दिवस काढायचे आणि मग कायमचा बसवायचा. दिसायला अगदी खऱ्यासारखा, चहा-हळदीचे डाग धरत नाही, आणि नीट निगा राखली तर दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतो.

आता तो ‘कायमचं’ शब्द. पोर्सेलिन कायमचं टिकत नाही. कायमचं असतं ते घासणं. बावीस वर्षांच्या मुलीने आज लावलं तर पस्तिशी-चाळिशीत बदलावं लागणार, पुढे साठीच्या आत आणखी एकदा. दर वेळी खर्च नवा, आणि दर वेळी दात थोडा आणखी घासला जाण्याची शक्यता. नको झालं म्हणून काढून टाकता येत नाही, कारण खालचं कवच पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. जाहिरातीत हे कुठे लिहिलेलं असतं का? मी तरी वाचलं नाही.

चिमीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. डाग गडद असले की पातळ पापुद्र्यातून ते डोकावतात. झाकायला जाड पापुद्रा लावला तर दात जास्त घासावा लागतो आणि वर तो निर्जीव, भिंतीसारखा पांढरा दिसतो. शिवाय फ्लोरोसिसच्या दाताचं कवच आम्लालाही नीट दाद देत नाही, त्यामुळे चिकटवण्यात जास्त काळजी घ्यावी लागते. म्हणून आधी डाग जितके फिके करता येतील तितके करायचे, आणि पापुद्रा लावायचाच तर त्यानंतर. क्रमही तोच हवा, कारण एकदा पोर्सेलिन बसलं की ब्लीचिंगने त्याचा रंग बदलत नाही. आणि ब्लीचिंगनंतर लगेच चिकटवलं तर पकड कच्ची राहते, दोन आठवडे थांबावं लागतं. ‘दोन दिवसांत’ म्हणणाऱ्या त्या पॅकेजची मला आठवण झाली.

काहींनी तर या वाटेला जाऊच नये. हिरड्या सुजलेल्या असतील, दात किडलेले असतील तर आधी ते बरं करायचं. झोपेत दात खाणाऱ्यांना, नखं कुरतडणाऱ्यांना, दोरा दातांनी तोडणाऱ्यांना (आपण शिवणकाम करणाऱ्या सगळ्या!) पापुद्रा तडकण्याची भीती. अठराच्या आतल्या मुलींना सहसा करत नाहीत, त्यांच्या दाताची आतली नस मोठी असते आणि हिरडीही अजून मागे सरकत असते. आणि बाजारात घरच्या घरी ठोकून बसवायचे जे प्लॅस्टिकचे दात मिळतात, किंवा पार्लरमध्ये कुणी ‘दात पांढरे करून देते’ म्हणते, तिथे फिरकू नका. हे काम नोंदणी असलेल्या दंतवैद्याचंच. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कशाला? आपण भाजी घेताना चार वांगी परत टाकतो. मग दात घासायच्या आधी, नक्की किती घासणार, व्हिनियर की कॅप, फुटला तर बदलून कोण देणार आणि त्याचे पैसे किती, हे कागदावर लिहून मागायला काय हरकत आहे? आधी दातावर तात्पुरतं मेण किंवा कॉम्पोझिट लावून रूप कसं दिसेल ते आरशात दाखवता येतं, तेही मागावं. खर्च झेपत नसेल तर नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. फेऱ्या जास्त पडतात, पण फी पुष्कळच कमी.

हे सगळं सांगून झाल्यावर बाईंनी चिमीला विचारलं, ‘तुला काय हवंय? आईला नाही विचारत, तुला विचारतेय.’

चिमी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘मॅडम, मला पुढच्या महिन्यात शाळेवर पाठ घ्यायचे आहेत. पोरांसमोर तोंड उघडायचं आहे. तेवढं झालं तरी पुरे.’

लग्नाचं नावसुद्धा तिने काढलं नाही. जाऊने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे.

मी दिसण्यासाठी खर्च करण्याच्या विरुद्ध नाही हं. मी स्वतः दर महिन्याला केसांना मेंदी लावते, आणि कुणी ‘पिकले वाटतं’ म्हटलं की मला राग येतो. स्वतःचं रूप आरशात आवडावं असं वाटणं यात थिल्लर काही नाही. माझा राग आहे तो घाईवर. पाहुणे यायच्या तारखेवरून पोरीच्या दातांवर किती घासायचं ते ठरावं, यावर. मुलाच्या दातांकडे कुणी पाहतं का? त्या खर्ऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्यांतले दोघे तर माझ्या अंगणात पिचकारी मारून गेले होते.

शेवटी ठरलं ते असं. सफाई, मग वरचा थर घासणं, मग ब्लीचिंग, आणि खड्डे असलेल्या समोरच्या दोन दातांवर फक्त कॉम्पोझिट. सगळं मिळून नागपूरच्या पाच फेऱ्या झाल्या. खर्च बाहत्तर हजारांच्या पाव हिश्श्याच्याही आत बसला. दात नटीसारखे झालेत का? नाही. बारकाईने पाहिलं तर कडेला फिकट पिवळी झाक अजून आहे. पण आता ते दात ‘दिसत’ नाहीत, चिमी दिसते. पहिल्या दिवशी ती घरी आरशासमोर उभी राहून उगाचच अ आ इ ई म्हणत होती. तोंडावर हात जायची सवय मात्र लगेच गेली नाही. हात वर यायचा, अर्ध्यावर थांबायचा आणि मग कानामागे केस सारल्यासारखं करायचा. शाळेवरचे पाठ झाले. सहावीची पोरं तिला ‘हसऱ्या मॅडम’ म्हणायची, हे तिने मला तीनदा सांगितलं. लग्नाचं अजून काही जुळलेलं नाही. नवीन स्थळाला आम्ही दातांची हकीकत स्वतःहून, पाण्यासकट सांगितली आहे. बघू.

पण नागपूरहून निघताना डॉक्टरीणबाईंनी जावेला थांबवून विचारलं होतं, ‘घरात आता लहान मूल कोण आहे?’ आहे ना. चिमीच्या मोठ्या भावाचा मुलगा, पावणेदोन वर्षांचा. तोच हातपंप, तेच गोड पाणी. परतीच्या एसटीत जाऊ एकदम म्हणाली, ‘ताई, पाणी तपासून देतात का कुठी?’

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे पाणी तपासून मिळतं. हातपंपाचं पाणी स्वच्छ धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत दिलं, आणि मळ्यातल्या जुन्या विहिरीचंही दिलं. बोअरचं निघालं २.७. विहिरीचं ०.६. जाऊला आधी वाटलं, उकळून देऊ. पण उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. जंतूंसाठी उकळणं ठीक, याच्यासाठी नाही. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा नावाची पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरी संस्थेने शोधलेली आहे, पण ती गावपातळीवर नीट चालवावी लागते. आरओच्या यंत्रानेही बरंचसं निघतं. आम्ही आपला सोपा मार्ग धरला. नातवाचं पिणं आणि त्याचा भात-वरण विहिरीच्या पाण्यात, धुणं-भांडी बोअरच्या. विहिरीचं पाणी गाळून, उकळून. स्वयंपाकघरात एक वेगळा हंडा ठेवलाय, त्याला सगळे ‘बाळाचा हंडा’ म्हणतात आणि त्याला दुसरं कुणी हात लावत नाही. दात घासायच्या पेस्टचं विचाराल तर तिला घाबरू नका, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि मूल ती गिळणार नाही एवढं पाहायचं.

कागद आला त्याच आठवड्यात लाईनीतल्या बाया विचारायला आल्या. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत अशा पाच जणींनी आपापल्या ठिकाणचं पाणी भरून दिलं. ते घेऊन यवतमाळला गेली चिमी. प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवून, घराचं नाव आणि तारीख लिहून. प्रयोगशाळेतला माणूस तिला ओळखून म्हणाला, ‘पुन्हा तुम्हीच? आता इथेच नोकरीला लागा.’ ती हे मला सांगताना हसत होती. म्हणाली, ‘मोठ्याई, मी तिथे जोरात हसले. दोन्ही हातांत बाटल्या होत्या ना.’